शेरा : ह.ना.

मोबाईलवाला : ...नवा टॅब घ्यायला गेलात तर ह्याच्या तिप्पट पडेल, वहिनी. आणि आत सगळं तेच. बॅटरी नवी टाकली, वरची काच नवी टाकली. ह्या कोपऱ्यावर एक ओरखडा राहिलाय तेवढाच.

बायको : म्हणजे वापरलेला.

मोबाईलवाला : वापरलेला नाही म्हणायचं. रिफर्बिश्ड म्हणायचं.

मास्तर : कॉलर उलटवलेला शर्ट.

मोबाईलवाला : हां! बघा, मास्तरांना बरोबर कळलं.

बायको : त्यांना नाही कळणार तर कुणाला? ह्या दुकानात मी आले तेव्हा मशीन वापरलेलं, कात्री वापरलेली, मागची खोली वापरलेली, नवरा वापरलेला. म्हटलं एक वस्तू तरी कोरी घेऊ, तर तीही दुसऱ्याच्या हातातली.

मास्तर : झालं सुरू.

मोबाईलवाला : पण आधीच्या मालकाचं आत काहीसुद्धा नाही हां वहिनी. फोटो, नावं, सगळं पुसून चकाचक केलंय.

बायको : सगळं पुसलं जातं?

मोबाईलवाला : एक बटण दाबलं की खेळ खलास.

बायको : ऐकलंत? एक बटण.

मास्तर : मी काही बोललो का?

बायको : तेच तर. तुम्ही कधीच काही बोलत नाही.

मोबाईलवाला : असं करा, पाच वाजेपर्यंत ठेवा तुमच्याकडे. वापरून बघा. आणि बोललेलं लिहितो हा, बरं का. हे माईकचं चित्र दाबायचं आणि वाचत सुटायचं. मापं, नावं, काय असेल ते. पटलं तर घ्या, नाही पटलं तर मी आहेच समोरच्या बाजूला.

मास्तर : हो हो, ये तू पाचला.

बायको : गेला एकदाचा. आता द्या ती वही.

मास्तर : कुठली?

बायको : थोरलीची. तुमच्या आधीच्या बायकोची. लाल पाठीची.

मास्तर : अगं, तुझ्या वहीपासून सुरू कर ना. नवी गिऱ्हाइकं आधी. तिच्या वह्यांतली निम्मी माणसं गावं सोडून गेली, काही तर जग सोडून गेली.

बायको : मग टाकूच त्या रद्दीत.

मास्तर : तसं नाही म्हणालो मी.

बायको : म्हणणारच नाही तुम्ही. सात वह्या त्या फळीवर, देव बसवावेत तशा. रोज सकाळी मी फडक्यानं पुसते त्या, माहीत आहे? मी पुसते! आणि गिऱ्हाईक आलं की ती वही काढायची, तिच्या अक्षरात वाचायचं, "खांदा साडेचौदा, बाही बावीस, बोलतो फार, गळा सैल ठेवणे." ती सांगणार आणि मी ऐकणार. सासू नव्हती म्हणून खूश झाले होते मी, तर ही निघाली.

मास्तर : शेरे चांगले लिहायची ती.

बायको : लिहायची ना. मोत्यासारखं अक्षर. माझं म्हणजे कोंबडीचे पाय.

मास्तर : मी कधी म्हणालो तसं?

बायको : गेल्या पावसाळ्यात म्हणालात. "सहा आहे की नऊ हे?" म्हणालात.

मास्तर : अगं, सहा होता का नऊ होता तेच विचारलं मी! बाहीचा प्रश्न होता!

बायको : आवाज चढवू नका. मी सरळ सांगते. हा टॅब घ्यायचा. सगळी मापं त्यात घालायची. आणि वह्या फळीवरनं उतरवायच्या.

मास्तर : आणि वीज गेली तर? काच फुटली तर? स्वस्तातली वस्तू आहे, सहा महिन्यांची हमी. सातव्या महिन्यात बंद पडली तर मी काय अंदाजानं कापू? दारात बिनबाह्यांची माणसं उभी राहतील.

बायको : विषय बाह्यांचा नाहीये.

मास्तर : मग कशाचा आहे?

बायको : खरं सांगू? जळतं माझं. सहा वर्षं झाली तिला जाऊन, चार झाली मला येऊन, अजून जळतं. बाई आहे, नसलेली आहे, तिचं माझं भांडण नाही, तरी जळतं. लाज वाटते पण जळतं. बस?

मास्तर : ...पाणी देऊ का?

बायको : पाणी नको. एका प्रश्नाचं उत्तर द्या. लग्नाला चार वर्षं झाली. माझे किती कपडे शिवलेत?

मास्तर : असतील दहा-बारा. तो निळा कोट सोडून.

बायको : आणि माझं माप किती वेळा घेतलंत?

मास्तर : माप आहे की वहीत.

बायको : तिच्या वहीत! मी इथं गिऱ्हाईक म्हणून यायचे तेव्हाचं. दहा वर्षांपूर्वीचं! दवाखान्याच्या काउंटरवर बसत होते, हाडाची काडी होते. आता दोन इंच इकडे, दोन इंच तिकडे. आणि तुम्ही त्या मापाला "थोडं सैल धरू" म्हणून अंदाजानं कापता. माझं अंग इथं समोर उभं असतं आणि तुम्ही ते तिच्या अक्षरातनं वाचता. तिचं मात्र दरवर्षी घेत होता. आहे की वहीत, तारखेसकट. दरवर्षी!

मास्तर : ती स्वतःच लिहायची ते.

बायको : टेप कोण धरायचं?

मास्तर : ...तू टॅब चालू कर. बघू तरी काय लिहितो.

बायको : दिलीत बगल. असू दे. एक मात्र ध्यानात ठेवा, तिची माझ्याबद्दल काही तक्रार नव्हती. ते मला पक्कं ठाऊक आहे.

मास्तर : तुला कुणी सांगितलं?

बायको : आहे ठाऊक. लेखी आहे.

मास्तर : लेखी?

बायको : तुम्हाला काय करायचंय? ते तिच्या-माझ्यातलं आहे. कुठं आहे तो माईक? हं. आधी माझ्याच वहीतलं वाचते, समाधान होऊ दे तुमचं. "हेडमास्तर. कोट. उंची तीस. छाती अडतीस. मुंढा नऊ."

मास्तर : काय लिहिलं?

बायको : "हेडमास्तर. गोड. उंची तीस. छत्री अडतीस. मुंडी नऊ."

मास्तर : नऊ मुंड्यांचा हेडमास्तर! ह्या टॅबच्या भरवशावर वह्या काढायला निघालीस तू?

बायको : हसू नका, सवय होईल त्याला. तुम्हाला तरी कुठं पहिल्या दिवशी माझं बोलणं कळत होतं? "शेरा. किरकिर नाही, वेळेवर नेतात. हरकत नाही."

मास्तर : थांब. हे शेवटचं कुठं लिहिलंय?

बायको : हे काय. ह.ना.

मास्तर : ह.ना. म्हणजे?

बायको : म्हणजे हरकत नाही. दुसरं काय असणार?

मास्तर : अगं आई गं.

बायको : काय झालं?

मास्तर : तू सगळ्यांच्या पुढे लिहितेस ते ह.ना... म्हणजे हरकत नाही?

बायको : सगळ्यांच्या नाही. जे चांगले आहेत, त्रास देत नाहीत, त्यांच्या. चाळीसेक असतील. का?

मास्तर : चार वर्षं! चार वर्षं मी त्या चाळीस माणसांच्या अंगाला टेप लावलेला नाही!

बायको : ते दिसतंय ना मला. तो बँडवाला आला की तुम्ही कात्री घेऊन आत पळता. मला वाटलं, आळस चढलाय. सगळं माप माझ्याच गळ्यात.

मास्तर : आळस कसला! मला वाटलं तू नको म्हणतेस. ह.ना. म्हणजे "ह्यांनी नाही"! ह्यांनी माप घ्यायचं नाही!

बायको : काय?

मास्तर : म्हटलं, हिचाही स्वभाव तसाच दिसतोय. कशाला वाद घाला? ह.ना. दिसलं की मी बाजूला. हेडमास्तरांच्या पुढे दिसलं तेव्हा जरा चमकलो, खोटं कशाला बोलू. ऐंशीचा माणूस, त्यात पुरुष. दोन रात्री विचार करत होतो की बायकोला माझा नेमका संशय तरी कसला आला असेल.

बायको : अहो, काहीतरीच!

मास्तर : आणि ती नाटकातली बाई, ती देखणी? तिच्यापुढे ह.ना. नाही! मला वाटलं, माझी परीक्षा बघतेस. घाम फुटायचा तिचं माप घेताना. भिंतीकडे बघून आकडे सांगायचो.

बायको : ती महाकिरकिरी आहे म्हणून नाही लिहिलं! तीनदा उसवायला लावलंन तिनं! अहो देवा... थांबा, हसवू नका, पोटात दुखायला लागलं. भिंतीकडे बघून!

मास्तर : मग काय करणार?

बायको : पण मला सांगा, "ह्यांनी नाही" हे तुमच्या डोक्यात आलंच कुठून? मी तर थोरलीच्या वहीत बघून शिकले ते.

मास्तर : चहा सांगू का?

बायको : चहा राहू दे. तिनं सांगितलं होतं तुम्हाला?

मास्तर : जाऊ दे ना. जुन्या गोष्टी. कोळसा उगाळावा तितका काळा.

बायको : सात वह्या आहेत तिच्या. पान न् पान माहीत आहे मला. सातही वह्यांत ह.ना. एकाच ठिकाणी आहे.

मास्तर : हे बघ...

बायको : एकाच नावापुढे. "काउंटरबाई."

मास्तर : ऐक तरी.

बायको : माझ्या नावापुढे.

(आता हे सांगायलाच हवं, कारण दोघांपैकी कुणी सांगणार नाही. तिनं लाल पाठीची वही स्वतःच फळीवरून काढली. पान शोधावं लागलं नाही, वही आपोआप तिथंच उघडली. बरोबरच आहे, इतक्या वेळा उघडलेली.)

बायको : तुम्ही लग्नाचं विचारलंत तो दिवस आठवतो?

मास्तर : आठवतो. तू म्हणालीस, कोटाचं अस्तर बघते आणि सांगते.

बायको : अस्तर नव्हते बघत. तुम्ही आत गेलात सुया आणायला, तेव्हा ही वही टेबलावर होती. माझं पान काढलं. म्हटलं बघू, त्या बाईनं माझ्याबद्दल काय लिहून ठेवलंय. सगळ्यांबद्दल लिहायची ना. आणि दिसलं, ह.ना. हरकत नाही. सगळ्या गिऱ्हाइकांत फक्त माझ्यापुढे. मला वाटलं, हिला कळलं होतं. आपण जाणार हे कळलं होतं, आणि जाताना त्या जुन्या मापापुढे माझी हरकत नाही असं लिहून गेली. रडले मी तिथंच. तुम्ही सुया घेऊन आलात आणि मी हो म्हटलं.

मास्तर : मला वाटलं माझ्याकडे बघून हो म्हणालीस.

बायको : तुमच्याकडे बघून कोण हो म्हणेल? त्या दोन अक्षरांवर म्हटलं. चार वर्षं तिच्यावर जळले, तिला पाण्यात पाहिलं, पण एवढा एक आधार होता. कितीही जळफळाट झाला तरी म्हणायचे, अगं, ती मनानं मोठी होती, तिनं तुला परवानगी दिली. आणि तिनं काय लिहिलं होतं? ह्यांनी हिला हात लावायचा नाही!

मास्तर : टेप. टेप लावायचा नाही.

बायको : तेच ते! काय होतं तेव्हा? खरं सांगा. तिच्या आजारपणाच्या आधीची गोष्ट आहे ही. काय चाललं होतं?

मास्तर : काही नाही. तुझी शपथ.

बायको : मला तर काहीच माहीत नव्हतं. मी तुमच्याकडे मान वर करून बघितलंसुद्धा नव्हतं. मग तिनं का लिहिलं? बाई उगाच लिहीत नाही.

मास्तर : माझ्यामुळे.

बायको : काय केलंत?

मास्तर : पहिल्यांदा आलीस ना तू, निळ्या कोटासाठी. मी माप सांगत होतो, ती लिहीत होती. तू सांगितलंस, डावा खांदा जरा उतरता आहे, काउंटरवर वाकून वाकून. आणि हसलीस. काही विशेष नाही, लोक हसतात तसं. मी पाठीवर टेप धरला आणि आकडा सांगितला. बघ तिथं. पाठ.

बायको : चौदा.

मास्तर : त्याच्या आधीचं. खोडलेलं.

बायको : ही शाई सांडलीये.

मास्तर : शाई नाही ती. उजेडात धर.

बायको : चार... एक. एक्केचाळीस?

मास्तर : पाठ एक्केचाळीस म्हणालो मी. चौदाच्या जागी. तिनं लिहिलं, मग बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. तू होतीस म्हणून गप्प बसली. तू गेल्यावर म्हणाली, "अहो, ती बाई आहे की कपाट?" मी म्हटलं, चुकलो. ती म्हणाली, "वीस वर्षांत चुकला नाहीत." आणि खोडलं, आणि पुढे लिहिलं ह.ना. म्हणाली, "ही आली की मी माप घेणार. शब्द द्या." दिला. दोन दिवस अबोला धरला तिनं. मग विसरली. मी नाही विसरलो.

बायको : म्हणून लग्नानंतरसुद्धा...

मास्तर : शब्द दिला होता. ती गेली म्हणून शब्द जातो का? मला काही कळेना, कुणाला विचारू? तुला विचारणार? म्हटलं, थोडं सैल धरू.

बायको : ती माझ्यावर जळत होती.

मास्तर : दोन दिवस.

बायको : मला आनंद व्हायला नको होता. झाला. वाईट आहे मी.

मास्तर : नाहीस.

बायको : आहे. तिच्या जागी मी असते तर पानच फाडलं असतं. आकडा काय खोडत बसले नसते. बिचारी... काय झालं? काय वाजतंय हे?

मास्तर : टॅब वाजतोय. "साडेचार. गोळी घे गं, आळशी." कुणाची गोळी?

बायको : सगळं पुसलंय म्हणाला होता! बंद करा ते.

मास्तर : कुठनं बंद करू? दाबतोय तिथं छत्र्याच निघतायत.

मोबाईलवाला : काय मास्तर, वाजवलात वाटतं! लवकर आलो जरा, रस्त्यापलीकडे ऐकू आलं. ही राहिली होय गोळी? पुसतो आत्ता. काय ठरलं वहिनी?

बायको : घ्यायचा.

मास्तर : घ्यायचा?

बायको : घ्यायचा. नवी गिऱ्हाइकं ह्याच्यात. वह्या राहतील फळीवर. मी पुसत जाईन.

मोबाईलवाला : उत्तम! आणि ही गोळीबाई कोण असेल ती असो, राहू द्यायची असेल तर राहू दे. रोज आठवण होईल.

बायको : नको, ती पुसा. ह्या घरात आधीची एक पुरे आहे.

मोबाईलवाला : कोण आधीची?

मास्तर : तू तुझं बटण दाब आणि नीघ बाबा. उद्या बोलू.

मोबाईलवाला : बरं बरं. दोघांचे डोळे लाल कशानं झाले पण?

बायको : खडूची धूळ. जा तुम्ही.

मास्तर : ...गेला.

बायको : टेप कुठंय?

मास्तर : गळ्यात आहे माझ्या. का?

बायको : घ्या माप.

मास्तर : आत्ता? अगं, पण तिला मी...

बायको : तिची हरकत होती. कळलं मला. माझी नाही.

मास्तर : दार लोटू का?

बायको : कशाला? गिऱ्हाइकाचं माप घेताना दार लोटता का? सरळ उभी आहे मी. डावा खांदा अजून उतरताच आहे.

मास्तर : माहीत आहे. अर्धा इंच. दर कोटात गादी घालतो मी तिथं.

बायको : मला कधी बोलला नाहीत.

मास्तर : बोलायचं काय त्यात. श्वास सोड. हं. पाठ...

बायको : किती?

मास्तर : ...एक्केचाळीस.

बायको : थांबा. हे वहीतच लिहिते, तिच्या ओळीखाली.